जर्मनीतला पहिला महिना: आधी काय, मग काय

मी शनिवारी संध्याकाळी उतरले, कारण त्या दिवशीचं तिकीट स्वस्त होतं. हॉस्टेलच्या दाराला चिकटवलेल्या कागदावर लिहिलं होतं की हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल पाहणारा आणि किल्ल्या देणारा माणूस, सोमवारी सकाळी नऊला येईल. दुसऱ्या दिवशी रविवार, सगळी दुकानं बंद. दोन रात्री भाड्याच्या खाटेवर काढल्या आणि रेल्वे स्टेशनवरच्या पावावर भागवलं. तिकिटात वाचवलेले पैसे तिथेच संपले. त्यामुळे पहिला सल्ला हा: सोमवार ते गुरुवार, सकाळी उतरणारं विमान घ्या. हाउसमाइस्टरला आधी ईमेल करून दिवस आणि वेळ कळवा आणि उत्तर आल्याशिवाय गृहीत धरू नका.

एक किंवा दोन सत्रांसाठी एक्सचेंजवर, म्हणजे आपल्या कॉलेजातून तिकडच्या विद्यापीठात, जाणाऱ्यांसाठी हे लिहिते आहे. पूर्ण पदवीला गेलेल्याला चुका निस्तरायला दोन वर्षं मिळतात. आपल्या हातात जेमतेम पाच-सहा महिने असतात, त्यातला दीड महिना कागदांत गेला की उरलं काय? जर्मनीतली कामं तशी अवघड नाहीत, पण एकात एक गुंतलेली आहेत. पत्ता नसेल तर नोंदणी नाही, नोंदणी नसेल तर पुढची पत्रं येत नाहीत, आणि पत्र आलं नाही तर तुमचं काम झालंय की नाही हेही कळत नाही. क्रम बरोबर लागला तर दहा दिवसांत मोकळे होता. माझा चुकला आणि मला पाच आठवडे लागले.

निघण्याआधी

खोलीचा अर्ज प्रवेशाचं पत्र हातात पडेल त्याच दिवशी करा. विद्यार्थ्यांची हॉस्टेलं आणि मेंझा म्हणजे कँटीन चालवणारी संस्था प्रत्येक विद्यापीठाच्या शहरात असते, तिला स्टुडिएरेंडनवेर्क म्हणतात. तिथे प्रतीक्षायादी लांब असते, तरी एक्सचेंजवाल्यांसाठी काही खोल्या राखून ठेवलेल्या असू शकतात. विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला हे सरळ विचारा. बाहेर खोली शोधत असाल आणि कोणी म्हणालं की ‘मी सध्या परदेशात आहे, डिपॉझिट भरा, किल्ली कुरिअरनं पाठवतो’, तर तिथेच थांबा. ही फसवणूक इतकी जुनी आहे की तिचा मजकूरसुद्धा बदलत नाही. खरा घरमालक डिपॉझिट घेतोच, पण कायद्यानं ते तीन महिन्यांच्या ‘थंड’ भाड्यापेक्षा जास्त असू शकत नाही. थंड भाडं म्हणजे नुसत्या जागेचं, आणि ‘गरम’ भाड्यात हीटिंग, पाणी वगैरे धरलेलं असतं. जाहिरातीतला आकडा कोणता ते आधी विचारून घ्या.

पैशांचं म्हणाल तर शिष्यवृत्ती पुरेशी नसेल तेव्हा व्हिसासाठी श्पेरकोंटो, म्हणजे गोठवलेलं खातं, लागतं. सप्टेंबर २०२४ पासून हिशेब महिन्याला ९९२ युरोंचा, वर्षाला ११,९०४. हा आकडा मधूनमधून वाढतो, म्हणून अर्जाच्या आधी वकिलातीच्या संकेतस्थळावर बघून घ्या. घरच्यांना वाटतं एवढे पैसे भरले म्हणजे मुलगी निश्चिंत. पण त्या खात्यातून महिन्याला ठरलेली रक्कमच निघते, आणि तीही तिकडे बँकेचं खातं सुरू झाल्यावर. पहिल्या महिन्यात मात्र डिपॉझिट, भाडं, सत्राची फी, अंथरूण, कुकर, सगळं एकदम अंगावर येतं. माझ्या मते फॉरेक्स कार्डावर निदान दीड हजार युरो वेगळे ठेवावेत.

भारतातलं सिम बंद करू नका. आपल्या बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येणार. विमानात बसण्याआधी आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि तिकडे नुसतं एसएमएस येण्यापुरतं चालू ठेवा. माझ्या एका मैत्रिणीनं तिकडे गेल्यावर रिचार्ज संपू दिला, आणि स्वतःच्याच खात्यात शिरायला तिला वडिलांना बँकेत पाठवावं लागलं.

आता बॅग. आईनं भरलेल्या डब्यांवरून वाद होणार, तेव्हा नियम आधीच माहीत असू द्या. युरोपीय संघाबाहेरून येताना प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे तूप नाही, पेढे नाहीत, खव्याची बर्फी नाही. ताजी फळं आणि पानंही प्रमाणपत्राशिवाय चालत नाहीत, त्यामुळे आंबे आणि कढीपत्त्याची जुडी घरीच. गंमत म्हणजे नारळ चालतो. मसाले, चटण्या, पापड, पोहे आरामात जातात. माझी आई विमानतळावर म्हणाली, “अगं, एवढं वाटीभर तूप कोण बघतंय?” बघतात. तूप तिथे कसं कढवायचं ते खाली सांगते.

आपली गोल तीन पिनांची वायर तिकडच्या सॉकेटमध्ये जात नाही. व्होल्टेज तेच आहे, २३०. एक चांगला अडॅप्टर आणि एक एक्स्टेंशन बोर्ड न्या, पाच अडॅप्टर लागत नाहीत.

पहिला आठवडा

खोलीत शिरलात की बॅग उघडण्याआधी फोटो काढा: गादी, भिंतीवरचे डाग, खिडकीची कडी, सिंकखालचा भाग. ताबा देताना एक कागद भरला जातो, त्यावर प्रत्येक ओरखडा लिहून घ्या. हाउसमाइस्टर घाईत असला तरी संकोच करू नका. जाताना डिपॉझिटमधून काय कापायचं ते याच कागदावरून ठरतं.

त्यानंतर लगेच लेटरबॉक्स. हे काम इतकं किरकोळ वाटतं की मीही ते सोडून दिलं. आपल्याकडे पत्त्यावर फ्लॅटचा नंबर असतो, पोस्टमन नंबर बघून पाकीट टाकतो. तिथे पत्त्यात साधारणपणे रस्ता आणि इमारतीचा क्रमांक एवढंच, आणि पोस्टमन लेटरबॉक्सवरचं आडनाव बघतो. माझ्या पेटीवर आधीच्या मुलाचं नाव होतं. बँकेचं कार्ड परत गेलं, पिनचं पाकीट परत गेलं, विम्याचं कार्ड परत गेलं. तीन आठवडे मी बँकेला फोन करते आहे आणि ते नम्रपणे सांगतायत की आम्ही पाठवलं होतं, पत्ता सापडला नाही. शेवटी पेटीवर पासपोर्टमधल्यासारखं आडनाव कागदाच्या पट्टीवर लिहून चिकटवलं, वर सेलोटेप, आणि पत्रं यायला लागली. पट्टी दाराच्या बेलवरही लावा, नाहीतर पार्सल शेजाऱ्याकडे जाईल.

तिसरं काम आनमेल्डुंग, म्हणजे पत्त्याची सरकारी नोंदणी. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते. त्यासाठी पासपोर्ट आणि घरमालकानं सही केलेला, तुम्ही इथे राहायला आलात असं सांगणारा फॉर्म लागतो. नुसता भाडेकरार दाखवून चालत नाही, हे खिडकीवर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं. मोठ्या शहरांत या कार्यालयाची वेळ, तिथल्या भाषेत टेर्मिन, पुढच्या महिन्यातली मिळते, म्हणून भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. एखाद्यानं आयत्या वेळी रद्द केलेली वेळ सकाळी लवकर संकेतस्थळावर दिसते. आनमेल्डुंग झालं की कागद जपून ठेवा, तो सगळीकडे लागतो. काही आठवड्यांनी करक्रमांकाचं पत्र आपोआप पोस्टानं येतं. नोकरी करणार असाल तर तो क्रमांक लागेल.

नोकरीचा विषय निघालाच आहे तर: विद्यार्थी व्हिसावर वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. मार्च २०२४ आधी हे १२० आणि २४० होते, त्यामुळे जुन्या माहितीवर जाऊ नका. पण एकाच सत्रासाठी गेला असाल तर माझं ऐका, पहिले दोन महिने नोकरीच्या भानगडीत पडू नका.

आरोग्यविम्याशिवाय विद्यापीठात नाव लागत नाही, आणि प्रवासविमा त्या कामी येत नाही. सरकारी विमा तीस वर्षांखालच्या विद्यार्थ्याला महिन्याला साधारण दीडशे युरोच्या घरात पडतो. खाजगी स्वस्त दिसतो. पण खाजगीसाठी सरकारी विम्यातून सूट घेतलीत तर त्या शिक्षणाच्या काळात परत फिरता येत नाही, म्हणून सही करण्याआधी विद्यापीठाच्या कार्यालयात दाखवा.

व्हिसावरची शेवटची तारीख नीट वाचा. काहींना पूर्ण मुक्कामाचा मिळतो, काहींना थोड्याच महिन्यांचा. दुसऱ्यांनी परदेशी नागरिकांच्या कार्यालयात निवास परवान्यासाठी व्हिसा संपण्याआधी अर्ज करायचा असतो. तिथल्या वेळा आनमेल्डुंगपेक्षाही दुर्मिळ असतात.

आणि एक पत्र असं येईल जे तुम्हाला जाहिरात वाटेल. ते फेकू नका. ते सार्वजनिक रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं आहे, महिन्याला १८.३६ युरो, टीव्ही असो वा नसो. वर्गणी माणशी नसून घरटी आहे. चार जणांच्या फ्लॅटमध्ये एकानं भरली की बाकीच्यांनी त्याचा क्रमांक कळवायचा, आणि खर्च वाटून घ्यायचा. पत्राकडे दुर्लक्ष केलंत तर दंडासह मागचं सगळं वसूल होतं.

स्वयंपाकघर

हा भाग मोठा होणार आहे, कारण घरची आठवण सगळ्यात आधी पोटात येते.

हॉस्टेलमध्ये बहुतेक काचेची सपाट शेगडी असते. आपली खोलगट बुडाची कढई तिच्यावर तापतच नाही, डुगडुगत बसते. सपाट बुडाचं एक पातेलं, एक तवा आणि तीन लिटरचा कुकर न्या. इंडक्शन असेल असं कळलं तर त्यावर चालणाराच न्या. या शेगडीचा स्वभाव वेगळा आहे: तापायला वेळ घेते आणि बंद केल्यावरही बराच वेळ तापलेली राहते. आपल्या हाताला गॅसची सवय, मोहरी तडतडली की बटण फिरवायचं. तिथे बटण फिरवूनही जिरं काळं होतं. फोडणी झाली की भांडंच उचलून बाजूला घ्या.

माझ्या पहिल्या फोडणीला मिरची पडली आणि छतावरचा धूर-अलार्म ओरडायला लागला. सहा खोल्यांमधून सहा जण बाहेर आले. कोणी ओरडलं नाही, नुसतं दारात उभं राहून बघितलं. ते जास्त लागतं. खिडकी सताड उघडा, वरचा पंखा लावा, मधलं दार बंद करा आणि मगच तेल तापवा. अलार्म काढून ठेवायचा किंवा त्यावर पिशवी बांधायचा विचारही करू नका. काही इमारतींत तो थेट अग्निशमन दलाला जोडलेला असतो आणि गाडी आली तर बिल तुमच्या नावावर येऊ शकतं.

आता तूप. बिनमिठाचं बटर पाव किलोच्या वडीत मिळतं. पाकिटावर दोन प्रकार दिसतील, झ्यूसराम म्हणजे गोड सायीचं आणि झाउअरराम म्हणजे विरजलेल्या सायीचं. दुसरं घ्या. आपल्या लोणकढ्या तुपाच्या जवळ जाणारी चव त्यालाच येते. शेगडी नऊपैकी तीनवर, झाकण न ठेवता वीस-पंचवीस मिनिटं. आधी पांढरा फेस, मग तडतड, मग आवाज हळूहळू थांबतो आणि तळाशी बेरी तांबूस दिसते. आवाज थांबला की लगेच उतरवा, कारण शेगडी गरमच आहे. एका वडीचं साधारण दोनशे ग्रॅम तूप होतं. बेरीत साखर घालून खाल्ली तेव्हा शेजारच्या स्पॅनिश मुलीनं विचारलं, “हे जळलंय ना?” पुढच्या वेळी ती वाटी घेऊन हजर.

पिठाच्या पाकिटावर आकडा असतो. ४०५ म्हणजे आपला मैदा. फोल्कोर्न म्हणजे सालासकट दळलेलं, पण जाडसर, त्याची पोळी फाटते. दोन्ही निम्मं निम्मं घेतलं तर घडीची पोळी जमते. कोथिंबीर, भेंडी, हरभरे, मसूर आणि मोठ्या पिशवीतला तांदूळ तुर्की दुकानात बघा, भारतीय दुकानापेक्षा बरेचदा स्वस्त पडतो. तूरडाळ आणि हिंग मात्र भारतीय दुकानातच.

शाकाहारी असाल तर एक फरक लक्षात घ्या: तिथल्या ‘वेगेटारिश’ पदार्थात अंडं असू शकतं. अंडं चालत नसेल तर ‘वेगान’ लिहिलेलं घ्या. जेली आणि चघळायच्या गोळ्यांत जिलेटिन असतं. नळाचं पाणी बिनधास्त प्या.

इमारतीत राहण्याची शिस्त

रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी पूर्ण दिवस शांतता. रविवारी व्हॅक्यूम नको, भिंतीत खिळा नको, काचेच्या बाटल्या कुंडीत फोडणं नको. सुरुवातीला मला हे अति वाटलं. नंतर रविवार आवडायला लागला. पण शनिवारी संध्याकाळपर्यंत दूध-भाजी आणून ठेवायची सवय लावून घ्यावी लागते, कारण रविवारी फार तर मोठ्या स्टेशनावरची दुकानं उघडी असतात.

कचऱ्याचे डबे वेगवेगळे: कागद, पिवळ्यात प्लास्टिक-पत्र्याची वेष्टनं, ओला कचरा, आणि बाकीचं. काच रंगानुसार वेगळी, रस्त्यावरच्या मोठ्या डब्यांत. रंग शहरागणिक थोडे बदलतात, तेव्हा डब्यावरचं चित्र बघा. पाण्याच्या आणि शीतपेयांच्या बाटल्या मात्र टाकू नका. त्यांवर फांट, म्हणजे परत मिळणारी अनामत असते: एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर आणि कॅनवर २५ सेंट, काचेच्या बिअरच्या बाटलीवर ८. सुपरमार्केटमधल्या यंत्रात बाटली आडवी सरकवायची, ती फिरते, लेबल वाचलं जातं, आत ओढली जाते. लेबल फाटलेलं किंवा बाटली चेपलेली असली तर यंत्र तुमच्याकडे परत ढकलतं. म्हणून पाणी पिऊन झाल्यावर बाटली चुरगळायची आपली सवय सोडा. शेवटी बटण दाबून पावती घ्या आणि गल्ल्यावर द्या.

खिडक्यांचंही शास्त्र आहे. थंडीत दिवसातून दोन-तीनदा हीटर बंद करून खिडकी पाच-दहा मिनिटं पूर्ण उघडायची. कुकरची वाफ आणि खोलीत वाळत घातलेले कपडे यांनी भिंतीला बुरशी धरते, आणि ती बुरशी डिपॉझिटमधून कापतात.

विद्यापीठ

वेळापत्रकात वेळेपुढे ‘सी.टी.’ असेल तर तास पंधरा मिनिटांनी सुरू होतो, ‘एस.टी.’ असेल तर ठोक्याला. (लाल डब्याच्या गाडीशी संबंध नाही, ही तर वेळेवर निघते.) व्याख्यान संपलं की टाळ्या नसतात, बाकावर बोटांच्या पेरांनी ठकठक करतात.

वर्गाला बसलात म्हणजे परीक्षेला बसलात असं नाही. बऱ्याच ठिकाणी परीक्षेची नोंदणी वेगळी आणि तिची मुदत ठरलेली. ती चुकली तर सत्रभराचं काम वाया. नोंदणी नेमकी कुठे आणि कधी, हे प्राध्यापकांना पहिल्याच आठवड्यात विचारा. पूर्ण सत्राचा भार ३० ईसीटीएस, म्हणजे युरोपातले क्रेडिट, धरला जातो, तुमच्या कॉलेजला किती लागतात ते लेखी घेऊन ठेवा. विषय बदलला तर दोन्हीकडच्या सह्या पुन्हा घ्या, नाहीतर परतल्यावर गुण धरले जात नाहीत. आणि गुण उलटे आहेत: १.० सर्वोत्तम, ४.० ला पास, ५.० नापास. मी फोनवर आनंदानं “१.३ मिळाले” म्हणाले आणि पलीकडे बाबा बराच वेळ गप्प.

माणसं

जर्मनमध्ये ‘तुम्ही’ आणि ‘तू’ आहे, त्यामुळे इंग्रजी माध्यमवाल्यांपेक्षा आपल्याला हे चटकन कळतं. प्राध्यापक, कार्यालयातली बाई, अनोळखी मोठी माणसं यांना ‘झी’. विद्यार्थी एकमेकांना ‘डू’. ‘सर’ आणि ‘मॅडम’ नाही, आडनावापुढे ‘हेर’ किंवा ‘फ्राउ’.

तिथे सहज टपकणं नसतं. चहालासुद्धा दोन आठवडे आधी तारीख ठरते, आणि ठरली की मोडत नाही. मला हे तुटक वाटायचं, पण ठरलेल्या दिवशी ती मुलगी पावसात सायकल मारत आली. वाढदिवसाला केक वाढदिवस असणाऱ्यानंच आणायचा. आणि कोणालाही आदल्या दिवशी शुभेच्छा देऊ नका, अपशकुन मानतात.

ओळखी हव्या असतील तर विद्यापीठाच्या खेळवर्गात नाव घाला. वर्ग स्वस्त असतात, चांगले वर्ग नोंदणी उघडल्यावर काही मिनिटांत भरतात. दर आठवड्याला तेच चेहरे दिसले की बोलणं आपोआप सुरू होतं. भारतीय मुलांच्या गटात जरूर जा, पण रोजचं जेवण तिथेच नको, नाहीतर सत्र संपतं आणि जर्मन भाषा बसच्या घोषणेपुरती उरते.

घरच्या फोनची वेळ ठरवून घ्या. हिवाळ्यात आपण साडेचार तास पुढे असतो, उन्हाळ्यात साडेतीन. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं मागे जातात. मी आईला सांगायला विसरले आणि ती तासभर फोन धरून बसली.

नोव्हेंबरपासून खरा कस लागतो. डिसेंबरात बर्लिनमध्ये दुपारी चारच्या आत सूर्य मावळतो. उशिरा उठणाऱ्याला दिवस दिसतच नाही. सकाळचा वर्ग मुद्दाम घ्या, दुपारी अर्धा तास बाहेर चाला. झोप आणि भूक उलटसुलट झाली, रडू यायला लागलं, तर विद्यापीठाच्या समुपदेशकाकडे जा. मी गेले होते, दोन भेटी पुरल्या.

आजारपण आणि प्रवास

११२ रुग्णवाहिका आणि आग, ११० पोलिस, आणि रात्री-सुट्टीला ताप आला पण जिवावरचं नाही तर ११६११७. साधी पॅरासिटामॉलसुद्धा औषधांच्या दुकानातच मिळते, सुपरमार्केटमध्ये नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय कुठेच नाही. तब्येत ठणठणीत असतानाच जवळचा डॉक्टर शोधून ठेवा.

सत्राच्या फीमध्ये बऱ्याच ठिकाणी प्रवासाचा पासही असतो. कागदी तिकीट काही शहरांत यंत्रात ठसा मारूनच वैध होतं. ठसा नसेल तर तिकीट हातात असूनही ६० युरो दंड. तपासनीस साध्या कपड्यांत असतात.

परत निघताना

जर्मनी सोडताना नोंदणी रद्द करायची असते, घर सोडण्याच्या एक आठवडा आधीपासून दोन आठवडे नंतरपर्यंत. नोंदणी रद्द झाल्याच्या कागदावरच विमा आणि रेडिओची वर्गणी थांबते, नाहीतर दोन्ही तुमच्या नावावर चालू राहतात. मोबाइलचा करार महिनाभर आधी तोडा. खोली रिकामी करताना पहिल्या दिवशीचा तो कागद आणि फोटो सोबत ठेवा. बँकेचं खातं मात्र लगेच बंद करू नका. डिपॉझिट परत यायला काही महिने लागू शकतात. माझं आलं तेव्हा मी भारतात येऊन चार महिने झाले होते, सिंकखालच्या जुन्या डागाचे पैसे न कापता.